सगुणाबाईच्या घराचा गिलावा

सगुणाबाईनं मधल्या बोटाचं पेर वाकवून गोजरबाईच्या घराची भिंत वाजवली. आधी ठक ठक, आणि कोपऱ्याशी येताच पोकळ भद्द. तिनं तिथंच हात थांबवला.

"किती वर्षं झाली गं गिलाव्याला?"

"दोन झाली," गोजरबाई म्हणाली. "मच्छिंद्र गवंड्यानं केल्ता. तवा कसा आरशावानी दिसायचा! आता रोज सकाळी सूपभर पोपडे झाडून राह्यले."

"घरधनी काय म्हणतात?"

"त्यांला काय दिसतंय? केरसुणी माझ्या हातात हाय."

सगुणाबाई हसली. म्हणूनच तर गवंडी कोणता बरा, हे ती पुरुषांना विचारायला गेली नव्हती.

मंठ्यात ती बावीस वर्षं सुईणपण करत होती. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात कोंदट, सगळ्यात ओली. तिथं बसून तिनं गावातल्या भिंती तासन् तास पाहिल्या होत्या. त्या खोलीत जो गिलावा टिकला तो कुठंही टिकेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर याच कामाच्या जोरावर तिनं विटांच्या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. आता गिलावा तेवढा राहिला होता. तो फसला तर विटांमधली माती पुढच्या पावसात वाहून जाणार, आणि पुन्हा सगळं उभारायला तिच्या अंगात तेवढी वर्षं उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर धर्मराज स्वतःच मच्छिंद्रला घेऊन आला. मच्छिंद्रनं भिंतींवरून नुसती नजर फिरवली.

"आठ दिवसांचं काम. दिवाळीला तुमी नव्या घरात, बिलकुल!"

"चुना कधी भिजवायचा?" सगुणाबाईनं विचारलं.

"उद्या भिजवू, परवा थापू."

"आन काम बिघडलं तर?"

"माझं काम बिघडत न्हाई, बाई."

"मंग राहू द्या," ती शांतपणे म्हणाली.

मच्छिंद्र गेल्यावर धर्मराज लालबुंद झाला. "वहिनी, मी त्याला शब्द देऊन बसलो!"

"शब्द तुमचा हाय, भावजी. भिंत माझी हाय."

त्यानं डोक्याला रुमाल गुंडाळला आणि निघून गेला. पुढं कितीतरी दिवस तो त्या अंगणात फिरकला नाही. सगुणाबाईला ते लागलं. नवऱ्यामागं तिच्या हाकेला धावून येणारा तो एकटाच होता. पण तिनं निरोप काही धाडला नाही.

ती वेशीबाहेरच्या कचरू गवंड्याकडं गेली. म्हातारा माणूस, चुन्यानं नखं खाल्लेली. त्यालाही तिनं तेच विचारलं, काम बिघडलं तर? कचरू जागचा उठला.

"बिघडतं की. चला, दाखवतो."

तिला वाटलं, आता हा आपलं एखादं देखणं काम दाखवणार. त्यानं नेलं झुंबरबाईच्या घरी, थेट मागच्या भिंतीकडं. तिथं दाराएवढा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसत होता.

"हे माझं बिघडलेलं," कचरू म्हणाला. "घाई केली, चुना पुरता विरला नव्हता. खडे राह्यले आत. वर्षानं फोडावानी फुटले. तेवढा समदा काढला अन् पुन्यांदा केला."

"कुणी बोलवाया गेल्तं का?" सगुणाबाईनं झुंबरबाईला विचारलं.

"छे! हेच दर पावसाळ्यानंतर येत्यात अन् भिंत वाजवून जात्यात. पयल्या वर्षी तर मी वरडलेच, परसात कोण शिरलं म्हणून."

सगुणाबाईनं पट्टा वाजवला, मग शेजारची जुनी भिंत वाजवली. आवाज एकच.

"माझा चुना किती दिस भिजवायचा, कचरूभाऊ?"

"महिना. दिवाळी हुकंल तुमची."

"हुकू द्या."

दिवाळी हुकली. खड्ड्यात चुना भिजत राहिला. सुईणबाई चुन्याचं बाळंतपण करतेय, म्हणून गल्लीतल्या बाया हसल्या, तीही हसली. मार्गशीर्षात कचरूनं थापी हातात घेतली. काम उरकल्यावर त्यानं तिला बजावलं, "एकवीस दिस सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी. मधी सुकू दिली तर तडकंल, मंग मला बोल लावायचा न्हाई."

तिनं आठ दिवस पाणी मारलं. नवव्या दिवशी पहाटे एका खेड्यावरून बैलगाडी आली. पहिलटकरीण, दोन दिवसांपासून अडलेली. सगुणाबाई होती तशी गाडीत बसली. गाव मागं पडल्यावर तिला भिंत आठवली, पण तिनं गाडी वळवायला सांगितलं नाही.

ती परतली तिसऱ्या दिवशी, दुपारी. भिंत पांढरीफटक पडली असेल, तडे गेले असतील, असं मनाशी धरूनच तिनं अंगणात पाऊल टाकलं.

भिंत खालपासून वरपर्यंत ओली होती. धोतराचा काचा मारून धर्मराज तांब्यानं पाणी फेकत होता.

"परवापासून मारून राह्यलो," मागं न बघता तो म्हणाला. "कचरू आल्ता भिंत बघाया. तुमी न्हाईत, तर माझ्या दारात येऊन बसला. उठंच ना. हा वरचा कोपरा लई पितो, वहिनी."

"पिऊ द्या."

"तिकडं काय झालं?"

"आई वाचली."

धर्मराजचा हात थांबला. बादलीतून तांब्या भरून त्यानं तिच्यापुढं धरला. तिनं हात धुतले, पाय धुतले, ओला पदर तोंडावरून फिरवला आणि ती पायरीवर बसली.

तो पुन्हा भिंतीकडं वळला. पाणी सपकन वरच्या कोपऱ्यावर आदळलं, पसरलं, आणि गिलावा ते शोषून घेत असल्याचा बारीक सूं आवाज दुपारच्या शांततेत तिला पायरीपर्यंत ऐकू आला.