बुडायचं काम

बुधाने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि कुंडलिकेत पाय टाकला. आज त्याला बुडायचं होतं, म्हणजे तसं सोंग करायचं होतं. नदीकाठी जन्म गेलेल्या माणसाला असलं काम सांगावं, याला काय म्हणायचं! पण बुडणारा म्हणून ठरवलेला गडी तापाने आडवा पडला होता, आणि परीक्षा त्याच्या लेकीची, रोशनीची होती.

कोलाडला राफ्टवर गाइड व्हायचं तर ही परीक्षा द्यावीच लागते. गेल्या साली रोशनी नापास झाली, आणि तीही चांगलं पोहता येतं म्हणून. नियम असा, की माणूस वाहून चालला तर काठावरून दोरी फेकायची, उडी टाकायची नाही. बुधाने मात्र तिला लहानपणापासून आधी उडी, मग विचार, असंच शिकवलेलं. दोरी काठावर राहिली आणि पोरगी पाण्यात. तिच्याहून कच्ची पोहणारी पोरं पास झाली. आपल्याच शिकवणीने पोरीचा घास गेला, हे बुधाला फार लागलं होतं. यंदाही हुकलं तर तिला वीटभट्टी होतीच.

धरणातून सोडलेल्या पाण्याला सकाळी भलताच जोर असतो. बुधाने अंग सैल सोडलं, तशी धार त्याला घेऊन निघाली. काठावर रोशनीचा उजवा पाय पुढे सरकला. बुधाला वाटलं, गेली आता ही!

पाय थांबला. हात फिरला आणि दोरी सरळ त्याच्या छातीवर येऊन पडली.

बुधाने ती धरली खरी, पण दुसऱ्या हाताने तो सपासप पाणी कापत काठाकडे निघाला. दोरी सैल पडून पायात गुंतायला लागली.

"बा, हात मारू नको. उताणा हो," रोशनी म्हणाली. "मी हाय ना."

पाण्यात काय करायचं, हे बुधाला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. हात थांबता थांबेनात. अखेर त्याने दोन्ही मुठींत दोरी धरली, छातीशी घेतली आणि पाठ पाण्यावर टाकली. दोरी ताठ झाली. लेक त्याला ओढून घेत होती.

तो काठाला लागला तेव्हा रोशनीच्या अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. परीक्षा घ्यायला मुंबईहून आलेल्या प्रवीण सरांनी तिला पास केलं, आणि हसत बुधाकडे वळून विचारलं,

"काका, तुम्हाला पोहता येतं वाटतं?"

बुधाने लेकीकडे पाहिलं. ती दोरी गुंडाळत होती.

"नाय ओ," तो छाती फुगवून म्हणाला. "पोरीने वाचवला."