डॉलरवरचा अंगठा

पाठीवर बाळ घेतलेल्या बाईचं चित्र असलेलं माझं पिवळंधमक डॉलरचं नाणं, आणि तिच्या गालावर अंगठ्याचा तपकिरी ठसा!

हजारदा सांगितलंय, नाणं कडेनं धरा. बोट लागलं तर तेव्हा काहीच दिसत नाही. डाग वर्ष-दोन वर्षांनी वर येतो आणि पुसायला गेलं की नाण्याचंच वाटोळं होतं. पण ऐकतो कोण?

"हा तुझ्या भावाचा अंगठा," मी बायकोवर, आर्लिसवर, ओरडलो. "मागे थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला आला, तेव्हा टर्की खाऊन तसल्याच तेलकट हातांनी माझा नाण्यांचा अल्बम चाळत होता."

"ड्वेन? त्याला तू शिवू तरी दिलंस का?"

मी ऐकलंच नाही. तिथल्या तिथे ड्वेनला फोन लावला आणि सांगून टाकलं, यंदा जेवायला येऊ नकोस. तो नुसता "बरं" म्हणाला.

आर्लिसनं माझं भिंग उचललं. नाणं अगदी कडेनं धरून बराच वेळ बघितलं.

"या ठशात आडवी चीर आहे रे."

माझा उजवा हात आपोआप खिशात गेला. लहानपणी मासा साफ करताना त्या हाताच्या अंगठ्यात सुरी घुसली होती, वण अजून आहे.

"काढ बाहेर," ती म्हणाली. मी काढला. तिनं अंगठा बघितला, नाणं बघितलं. ड्वेनचा नंबर लावून फोन माझ्यापुढे धरला.

"घे. आणि कडेनं धर हं, डाग पडेल."