जवळून काढलेला फोटो

फॉर्म बनवणं हा माझा धंदा, आणि त्याचा मला जरा जास्तच माज होता. कोरपन्यात ट्रॅक्टरवाल्यापासून क्लासवाल्यापर्यंत सगळ्यांच्या वेबसाइटवरचे फॉर्म माझ्याच दुकानात तयार झालेले. गिऱ्हाइकाने नाव, गाव, मोबाइल भरला की मालकाला निरोप जातो आणि मालक फोन करतो. पण उगाच चौकशा करणारे रिकामटेकडे फार, म्हणून मी काही रकाने सक्तीचे करते. ज्याला खरी गरज असते तो भरतो, बाकीचे पळतात.

शेजारच्या गॅरेजमधले आकिबभाऊ साप पकडतात, तेही फुकट. धामण निघाली तरी त्यांना फोन, दिवड निघाला तरी त्यांना फोन. एकदा तर चाळीस किलोमीटर गाडी हाणत गेले आणि कोपऱ्यातून निघाली सायकलची फाटकी ट्यूब. मीच म्हटलं, थांबा, फॉर्म करून देते. नवा कशाला बनवायचा? जुने ट्रॅक्टर बदलून देणाऱ्या शोरूमचा फॉर्म माझ्याकडे पडलेला होता. त्यातला ‘ट्रॅक्टर’ काढून ‘साप’ घातला आणि फोटोचा रकाना सक्तीचा ठेवला. फोटो नीट नसेल तर एक बटण दाबायचं, की समोरच्याच्या मोबाइलवर मेसेज जायचा: ‘फोटो अस्पष्ट आहे. कृपया जवळून काढून पुन्हा पाठवा.’ हे वाक्यही ट्रॅक्टरचंच होतं.

“फोटो काऊन पायजे पण?” आकिबभाऊंनी विचारलं होतं. “लोकायले भेव वाटते.”

“खोटं बोलणारा फोटो नाई पाठवत, म्हणून,” मी म्हटलं.

त्यांना ते पटलं. मला तर पटलेलंच होतं.

आकिबभाऊंचे हात दिवसभर ग्रीसमध्ये, म्हणून नोंदी आधी मीच तपासायच्या असं ठरलं. मंगळवारी अकराच्या सुमारास माझ्या स्क्रीनवर पहिली नोंद आली. बुधरी मडावी, अंगणवाडी सेविका, इरपीगुडा. ‘धान्याच्या खोलीत साप आहे. मुलांना बाहेर बसवलं.’ फोटोत अंधार आणि एक पोतं, एवढंच. माझ्यासमोर क्लासवाले वामनराव बसले होते. त्यांना त्यांचा फॉर्म आधी निळा हवा होता, मग हिरवा. मी बटण दाबलं.

पाच मिनिटांत दुसरी नोंद. पोतं मोठं झालं होतं आणि त्याच्या आडोशाला काहीतरी तपकिरी दिसत होतं. दोरीसुद्धा असेल. वामनराव म्हणाले, निळाच बरा होता. मी पुन्हा बटण दाबलं. खरं सांगते, विचार म्हणून केला नाही.

माझी वहिनी अंगणवाडीतच काम करते. मुलं जेवली की फोटो, वजन केलं की फोटो. एखादा परत आला की मुकाट्याने दुसरा काढायचा, मंजूर होईपर्यंत. अशा बाईला ‘जवळून’ म्हटलं तर ती जवळ जाणारच, हे मला कळायला हवं होतं. कळलं ते तिसऱ्या फोटोने.

तिसरा फोटो स्वच्छ होता. अंगावर साखळीसारखे गोल डाग, एकेक खवला मोजून घ्यावा इतका स्पष्ट. वेटोळं घट्ट आवळलेलं. आणि फोटोच्या खालच्या कडेला पायाची बोटं, जोडवी घातलेली. बोटं आणि वेटोळं यांच्यात फार तर दोन वीत फरशी होती.

“आकिबभाऊ!” मी ओरडले ते साऱ्या लाइनीत ऐकू गेलं.

ते ग्रीसने माखलेल्या हातांनीच धावत आले. स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “घोणस हाय. फोन लावा तिले, मांग सर म्हना! मी निंगतो.” पुढच्या क्षणी त्यांची मोटरसायकल रस्त्याला लागली होती.

मी फोन लावला. रिंग गेली आणि कट झाली. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदाही तेच. मोबाइल तर तिच्याच हातात होता, मग उचलत का नव्हती? वामनराव उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

तेवढ्यात चौथी नोंद आली. माझ्याने ती उघडवेना. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी वामनरावांनीच माऊस हातात घेतला.

फोटो पायाचा होता. घोट्याच्या वर दोन लाल ठिपके, भोवती सूज. खाली लिहिलं होतं: ‘साप चावला. फोटो जवळून काढला आहे. आता चालेल का?’

या वेळी तिने फोन उचलला. “तुमचाच होता का फोन, बाई?” आवाज अगदी शांत. “फोन मीच कापून राह्यली होती. मंधात उचलला असता तं फॉर्म उडून गेला असता.”

“बुधरीबाई, भाईर या अन् बसून राहा. चालू नोका, पाय हालवू नोका. काही बांधू नोका. गाडी येऊन राह्यली.” मी एका दमात सांगितलं. बाजूला वामनराव १०८ ला गावाचं नाव परत परत सांगत होते.

“लेकरं भाईरच हायेत,” ती म्हणाली. “त्यायले खिचडी नाई भेटली अजून.”

ती वाचली. आकिबभाऊ आणि ॲम्ब्युलन्स मागे-पुढेच पोचले. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिची किडनी बंद पडायला आली होती. डॉक्टरांनी ती कशीबशी सुरू ठेवली. तिच्या नवऱ्याला, सुकलूला, मी रोज फोन करत होते, पण जायचा धीर नवव्या दिवशी झाला.

बुधरी पलंगावर बसली होती, पाय मांडीपर्यंत काळानिळा. मला पाहून तिलाच अवघडल्यासारखं झालं. “माह्या हातानं फोटो बराबर निंगतच नाई, बाई. दोनदा वापस आला.”

“तिची चूक नाई,” सुकलू म्हणाला. “मशीन वापस करते. मशीनले काय समजते?”

तेवढ्यावर सोडून देता आलं असतं. दोघांचाही तसाच समज होता आणि कुणी विचारतही नव्हतं.

“मशीन नोहतं,” मी म्हटलं. “बटन मी दाबलं. दोन्ही वेळा. फोटो बराबर पाह्यलासुद्धा नाई.”

सुकलूने मान खाली घातली. बुधरीने दोन्ही हातांनी तो जड पाय उचलला आणि माझ्यापासून लांब, पलंगाच्या पलीकडच्या कडेला नेऊन ठेवला.