कोरडी गळती

"इथून जाताना कधीच नाही, मामा. परत येतानाच, आणि तेही घाट चढताना," जावई म्हणाला. "सपाटीवर आली की एकदम साधू होते."

मिस्त्री पिकअपच्या बॉनेटखाली कमरेत वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही. "बंद पडते ती कशी? एका झटक्यात, की आचके देत?"

"आचके देत. पायाखालचा जोर जातो आणि मरते. फिल्टरवरचा हातपंप दाबावा तर मऊ, आत काही नसल्यासारखा. दाबून दाबून अंगठा सुजतो तेव्हा कुठे पुन्हा धरते." जावयाने वळून शेडच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मागच्या खेपेला सरकली, मामा. इंजिन गेलं की ब्रेक दगड होतो, तुम्हाला मी काय सांगू. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा थांबली. मागे कठडा होता. कठड्यापलीकडे काही नव्हतं."

"घरी सांगितलंत?"

"छे. घाबरेल."

शेडच्या दारात मिस्त्रींची मुलगी तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. बापाला ताप भरला म्हणून ती आठवडाभर राहायला आली होती. ताप उतरला होता, आणि आज ती नवऱ्याबरोबर घाटापलीकडे आपल्या घरी निघणार होती. तिने काही ऐकलं नसावं. मुलाच्या पायातला मोजा मात्र ती उगीच पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

त्या रस्त्यावर त्यांना सगळे 'पंपवाले मिस्त्री' म्हणत. डिझेलच्या पंपापलीकडे त्यांनी जन्मात दुसरं काही केलं नव्हतं. बायको लवकर गेली, तेव्हापासून ही मुलगी याच शेडमध्ये, याच वासात वाढली. अभ्यास करता करता ती मान न उचलता म्हणायची, "बाबा, त्या निळ्या गाडीचा एक नोझल थुंकतोय," आणि ते खरं निघायचं. मिस्त्री मग गिऱ्हाइकाकडे अशा नजरेने पाहायचे, की जणू मुलीने राज्य जिंकलं.

गाडी एअर घेत होती, यात शंका नव्हती. पण कुठून? टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या वाटेवर कुठे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. "ओली गळती लेकरासारखी, रडून सांगते," मिस्त्री म्हणायचे. "कोरडी गळती म्हणजे घरातलं अबोल माणूस. बोलेल तेव्हा वेळ गेलेली असते."

त्यांनी फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, हातपंप दाबून एअर काढली आणि गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. नळीतून पिवळसर डिझेल सरकत होतं. इतकं सलग, की ते वाहतंय हेही कळू नये. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. एक बुडबुडा नाही. जावयाने रेस वाढवली, सोडली, पुन्हा वाढवली. नळी तशीच.

समोरच्या दुकानातला टायरवाला रबराचा तुकडा घासत घासत इथवर आला होता. "मिस्त्री, तुमच्या दारात आली की गाडीला काही होत नाही बघा. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी वागते. 'काही नको, मी जेवून आलोय.'"

जावई हसला. मिस्त्री हसले नाहीत. ज्या गाडीचा दोष दिसतो तिची त्यांना भीती नव्हती. ही त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा निरोगी होऊन उभी होती.

"टाकी भरून आणलीय ना?"

"तोंडापर्यंत. तुमचा नियम मोडेन का?"

हा नियम साऱ्या रस्त्याला पाठ होता. मिस्त्रींकडे गाडी आणायची तर टाकी तोंडापर्यंत भरून, आणि न्यायचीही तशीच. मिस्त्री लोक गिऱ्हाइकाचं डिझेल चोरतात, ही जुनी बोलवा. भरलेली टाकी डोळ्यांना दिसते. मग कुणाला तोंड वर करून बोलायला जागा नाही. जावई आपला असला म्हणून काय झालं? नियम तो नियम.

शेवटी त्यांनी टाकीची वाट तोडून पाहायचं ठरवलं. टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून मोठा कॅन डिझेलने भरून घेतला, तो स्टुलावर ठेवला आणि पंपाला थेट कॅनमधून डिझेल दिलं. इंजिन तसंच गोड चाललं. म्हणजे पंप निर्दोष, फिल्टर निर्दोष. दोष असलाच तर फिल्टर आणि टाकी यांच्यामध्ये. गाडीखाली झोपून त्यांनी रबरी होज पाइप बोटांनी चाचपले. एक जरा कडक झाला होता, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत होत्या.

"हा घ्या तुमचा चोर," ते खालूनच म्हणाले.

त्यांनी सगळे होज बदलले, क्लिपा नव्या लावल्या, पुन्हा एअर काढली. नळी पुन्हा सलग. जावयाचा चेहरा मोकळा झाला. मिस्त्रींचाही व्हायला हवा होता. भेगा वरवरच्या होत्या, हे त्यांच्या बोटांना कळलं होतं. पण बोटांचं ऐकायचं तर पुढे काय शोधायचं, ते बोटं सांगत नव्हती.

"बाळ, तू आजच्या दिवस राहिलीस तर?" ते हात पुसत मुलीला म्हणाले. "हे एक फेरी मारून येतील, मग जा."

"मामा, जाताना काही होत नाही, सांगितलं ना," जावई म्हणाला. "आणि घाटावर ढग उतरायला लागलाय. आता निघालो तर उजेडात पोचू."

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. बापाकडे पाहिलं. "तुम्ही बघितलीत ना गाडी, बाबा?"

"बघितली."

"मग झालं."

ती उठली. नातवाने मिस्त्रींचं काळं बोट धरून ठेवलं होतं, ते सुटेना. ओढलं की तो भोकाड पसरायचा. मिस्त्री एका हाताने पिशव्या चढवू लागले, दुसरा हात नातवाच्या ताब्यात. "खंडणी घेतल्याशिवाय सोडत नाही गडी!" टायरवाला ओरडला, आणि सगळे हसले. त्या हसण्यातच गाडी निघाली, वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली.

मिस्त्री आत येऊन पाने-पक्कड आवरू लागले. स्टूल उचलायला गेले, तर ते उचलेना. त्यावर कॅन होता. भरलेला.

पहिला विचार आला तो अब्रूचा. टाकी भरून आणणाऱ्याला आपण रिकामी करून परत पाठवलं! आयुष्यात पहिल्यांदा. मग त्यांना हसू आलं. जावयाचंच डिझेल, जावयालाच उद्या देऊ. त्यांनी कॅन खाली ठेवला. आतलं डिझेल डचमळलं, एका बाजूला चढलं, दुसरी बाजू उघडी पडली.

मिस्त्री तसेच वाकलेले राहिले.

जाताना कधीच नाही. परत येतानाच. जाताना गाडी इथून भरून निघते. परत येताना टाकी अर्धी झालेली असते. सपाटीवर साधू. चढावर डिझेल मागे सरकतं. टाकीच्या आत, वरून खाली उतरणारा ओढीचा पाइप असतो. त्याला मध्येच कुठे चीर असेल, तर भरल्या टाकीत ती डिझेलखाली बुडालेली. तिथून ओढलं जाईल ते डिझेलच. पातळी उतरली, नाक वर झालं, की चीर उघडी. मग डिझेलआधी हवा.

इथे ती कधी दिसणार? इथे तर नियम होता.

त्यांनी जावयाला फोन लावला. मुलीला लावला. दोन्ही फोन संपर्काबाहेर.

"काय झालं मिस्त्री? पुन्हा ताप भरला की काय?" टायरवाल्याने विचारलं.

"तुमची मोटरसायकल काढा."

"अहो, पण कुठे..."

"घाटात. काढा आधी."

टायरवाल्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि मोटरसायकल काढली. मिस्त्री कॅन मांडीवर घेऊन मागे बसले. झाकणातून पाझरणारं डिझेल पायजम्यात मुरत होतं. गावाबाहेरचं मैदान संपलं, चढ लागला, आणि ढग खरंच खाली आला होता. समोरचं झाड जवळ गेल्यावर झाड व्हायचं. प्रत्येक वळणावर मिस्त्री रस्त्याकडे न पाहता कठड्याकडे पाहत होते. एका ठिकाणी कठडा तुटलेला होता. "थांबा!" ते ओरडले. टायरवाल्याने गाडी थांबवली, उतरून पाहिलं. तुटलेल्या दगडांत गवत उगवलं होतं. "जुनं आहे," तो म्हणाला.

मिस्त्री इंजिनाचा आवाज यावा म्हणून कान देत होते. मोटरसायकलखेरीज कसलाच आवाज नव्हता.

माथ्याच्या अलीकडे, जिथे रस्ता भिंतीसारखा उभा होतो, तिथे लाल दिवा दिसला. एकच. पिकअप तिरकी होऊन मागच्या बाजूने डोंगरात घुसली होती. दुसरा दिवा फुटून त्याच्या काचा रस्त्यावर पडल्या होत्या. जावयाने सरकती गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगरावर घातली होती. तो चाकामागे दगड सारत होता.

"जाताना, मामा," तो एवढंच म्हणाला. "जाताना."

मुलगी लांब, रस्त्याच्या आतल्या कडेला उभी होती. मूल तिच्या खांद्यावर होतं. रडून रडून थकलेलं, पण धड. मिस्त्री तिच्यापर्यंत गेले, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, हातापायांना चाचपून पाहिलं, जसे होज चाचपले होते. मग काहीतरी करायला हवं म्हणून परत गाडीकडे आले.

कॅन टाकीत ओतला. हातपंप दाबला. मऊ होता, मग हळूहळू कडक झाला. इंजिन पहिल्या हाकेला उठलं आणि घाटभर गोड घुमलं.

"सापडलं बरं का," ते मुलीला म्हणाले. त्यांना वाटलं त्याहून मोठ्याने बोललं गेलं. "टाकीच्या आतला पाइप चिरलाय. टाकी भरलेली असेल तोवर काही होत नाही. आता भरलीय. तुम्हाला घरी पोचवतो आणि उद्या तिथेच टाकी उतरवून पाइप बदलतो. आता काही होणार नाही. चल, बस."

"कळलं, बाबा."

"मग बस ना, बाळ. गारठा आहे."

"तुम्ही या हळूहळू," ती म्हणाली. "मी चालते माथ्यापर्यंत."

"अगं, वेड लागलं का तुला?" जावई पुढे झाला. "मूल घेऊन या चढावर चालणार? मामांनी शोधलाय ना दोष?"

तिने मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, चेहऱ्यावरही नव्हता. राग असता तर मिस्त्रींनी तिला दटावलं असतं.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "तुम्ही तिच्याबरोबर चाला. गाडी मी घेतो."

टायरवाल्याने मोटरसायकल वळवली. मिस्त्रींनी पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि त्या दोघांच्या मागे चढाला लावली. ढगात दिव्यांचा उजेड थोडाच पोचत होता. त्या उजेडाच्या टोकाशी तिची पाठ होती, आणि खांद्यावर मुलाचं डोकं. इंजिन कुठेही न अडखळता, एका लयीत चाललं होतं. एवढं चांगलं चाललेलं इंजिन तिच्या कानांना कळत नसेल, असं शक्यच नव्हतं.

चढ वाढला तसा मिस्त्रींनी पाय किंचित दाबला. आवाज जरासा चढला. पुढे चालणाऱ्या मुलीने मागे वळून न पाहता मुलाला घट्ट धरलं आणि ती डोंगराच्या अंगाला सरकून त्यांना वाट देत उभी राहिली.