साडेसहाची वेळ

मेणात बसवायची शेवटची दाढ तिने चिमट्यातून परत डबीत टाकली, स्पिरिटचा दिवा विझवला आणि ॲप्रनची गाठ सोडायला हात मागे नेले.

पलीकडच्या टेबलावर कवळी घासत बसलेल्या पॉलिशवाल्याने चाक थांबवलं. चाकाची घरघर पूर्ण विरेपर्यंत तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय की."

"नाही, एक दाढ राहिलीय म्हणून म्हटलं."

"राहू दे. परवा लावीन."

"एकच तर आहे. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचं नाहीये ते," ती म्हणाली. "मोजलंय मी."

पॉलिशवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बाहेर अजून चांगला उजेड होता. इतक्या वर्षांत त्याने तिला उजेडात घरी जाताना पाहिलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावरून ती कवळ्या बनवायची, तो त्यांना चकाकी आणायचा. तिचा हात असा, की तिच्या कवळीला परत घासायला यावं लागत नसे. फक्त ती वेळेवर मिळत नसे. दवाखान्यातून फोन आला, की ती मान तिरकी करून खांद्याला फोन धरायची आणि म्हणायची, "निघालेच, आलेच." हातातला चाकू मात्र मेणातच असायचा. पॉलिशवाल्याने तिचं नाव 'आलेच' ठेवलं होतं आणि ते डॉक्टरांकडच्या रिसेप्शनवरच्या मुलींपर्यंत पोचलं होतं. आलेचबाईंना सांगा, आमचे आजोबा महिनाभर सूपच पिताहेत, असा निरोप आला की तीही हसायची. हसण्यासारखंच होतं ते, गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मोतीबिंदू पिकला होता. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, आता चहा कपाच्या बाहेर ओतायचा आणि बशीतला पिऊन टाकायचा, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. बाबा धाकट्या भावाकडे राहत होते, पण त्यांना न्यायचं तिने अंगावर घेतलं होतं. त्या सकाळी जाता जाता एक कवळी संपवून टाकू म्हणून ती आधी कामावर गेली. ती भावाच्या दारात पोचली तेव्हा बाबांचा नंबर दुसऱ्या कुणाला देऊन झाला होता.

भाऊ रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असू दे ताई. पुढच्या महिन्यात मीच रजा टाकतो."

"मला एकदा दे," ती म्हणाली होती.

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर एकदा प्लास्टर कालवताना तिचा हात मध्येच थांबला. प्लास्टरमध्ये पाणी घातलं की ठरावीक वेळात ते साच्यात जायलाच हवं, नाहीतर वाडग्यात दगड होतो. तिच्या वाडग्यात आजवर एकदाही दगड झाला नव्हता. म्हणजे वेळ पाळता येत नाही, असं काही नव्हतं. प्लास्टर थांबत नाही, म्हणून ती त्याची वेळ पाळत होती. माणसं थांबत होती.

मग तिने मोजायला सुरुवात केली. काम हातात घेताना किती वेळ लागेल ते टेबलाच्या कडेला खडूने लिहायचं, संपल्यावर खरा लागलेला वेळ त्याच्यापुढे लिहायचा आणि पुसून टाकायचं. अंदाज चुकत होते, त्याचं तिला नवल वाटलं नाही. पण प्रत्येक अंदाज एकाच बाजूला चुकत होता. कधी इकडे, कधी तिकडे चुकला असता तर नशीब म्हणता आलं असतं. एकाच बाजूला चुकणारा काटा बिघडलेला असतो. शिवाय बसची वेळ ती हिशेबात धरायची, पण बसपर्यंतची धरायची नाही. हात धुणं, चपला, किल्ली, जिना, कोपऱ्यापर्यंतचं चालणं, हे सगळं तिच्या हिशेबात आपोआप होऊन जाणारं होतं.

"उद्या बाबांचं ऑपरेशन आहे," ॲप्रन खुंटीला लावत तिने पॉलिशवाल्याला सांगितलं.

"उद्या ना? मग आजच निघालात?" तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने घाईघाईने चाक सुरू केलं.

सकाळी ती भावाच्या इमारतीचा जिना चढली तेव्हा त्याने सांगितलेल्या साडेसहाला थोडा अवकाश होता. दारासमोर उभं राहून तिने श्वास घेतला. धाप लागलेली नव्हती. कुणाच्याही दारात ती अशी धाप न लागता उभी राहिल्याचं तिला आठवेना. तिने बेल वाजवली.

आत काहीच हललं नाही. तिने पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळाने कडी निघाली आणि भाऊ दारात आला. अंगात रात्रीचा सदरा, तोंडात ब्रश, एक डोळा अजून मिटलेला.

"कोण गेलं?" त्याने ब्रश बाजूला करत घाबरून विचारलं.

"कुणी नाही. साडेसहा वाजलेत."

"हो, पण..." तो म्हणाला आणि थांबला. ब्रश त्याच्या हातात तसाच राहिला.

मागून भावजय केस बांधत आली. "अगंबाई, ताई तुम्ही? इतक्या लवकर? आठला तर निघायचंय. आत्ता कुठं—"

भावाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. भावजयीचे हात केसांतच थांबले.

नळ कुठंतरी सुरू राहिला होता, त्याचा आवाज येत होता.

"आठला," ती म्हणाली.

"ये ना आत," भाऊ म्हणाला. "दारात काय उभी राहतेस."

ती आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसली. भावाच्या ऑफिसची पिशवी खुंटीवर होती, रिकामी. टेबलावर दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली होती, त्यात बाबांचा टॉवेल, औषधं आणि भावाचा स्वतःचा चष्म्याचा डबा.

"रजा टाकलीस?"

"असू दे म्हटलं हाताशी." तो तोंड धुऊन आला होता आणि टॉवेलमध्ये चेहरा जरा जास्तच वेळ पुसत होता. "तुझ्यावर भरवसा नाही असं नाही, ताई."

"असंच आहे ते."

"बरं, असंच आहे," तो म्हणाला आणि दोघांनाही किंचित हसू आलं.

"कधीपासून सांगतोस असं?"

"काय?"

"आधीची वेळ."

त्याने टॉवेल दोरीवर टाकला, नीट केला, पुन्हा नीट केला. "मी कुठं सुरू केलं? आईनं केलं. तू कॉलेजात होतीस तेव्हा. आपण गावाला निघालो होतो आणि तू नखं कापत बसली होतीस."

"गाडी मिळाली होती आपल्याला."

"मिळाली," भाऊ म्हणाला. "दर वेळी मिळायची."

तिने मान हलवली. गाड्या, नाटकं, भावाच्या नोंदणी लग्नाची सही, सगळीकडे ती धावतपळत, ऐन वेळी पोचली होती आणि सगळीकडे काहीही बिघडलेलं नव्हतं. लोक उगाच कटकट करतात, शेवटी माझं सगळं वेळेत होतंच, असं ती आजवर म्हणत आली होती. त्यावर तिचा अगदी मनापासून विश्वास होता. आता तिला एकेक चेहरा आठवू लागला. ती धापा टाकत पोचायची तेव्हा त्यांच्यापैकी कुणीच धावपळीत नसायचं. आई तर शेंगा सोलत बसलेली असायची. तिचं ऐन वेळी होत नव्हतं. तिच्यासाठी ती ऐन वेळ कुणीतरी अलीकडे ओढून ठेवत होतं, दर वेळी, न बोलता.

दातांच्या दवाखान्यातल्या त्या मुलीसुद्धा कवळीची तारीख अशीच अलीकडची सांगत असतील. तिने डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"बाबा उठलेत का?" तिने विचारलं.

भाऊ आणि भावजयीने एकमेकांकडे पाहिलं.

"त्यांचं काही विचारू नका," भावजय म्हणाली. "जा, बघा आत."

बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते कॉटच्या कडेला बसले होते. इस्त्रीचा सदरा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. केस ओले करून विंचरलेले. पायांत बूट होते, नाड्या बांधलेल्या. दिवा लावलेला नव्हता. खिडकीतून येणाऱ्या करड्या उजेडात त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, फोटो काढायला बसावं तसे.

"आलीस?" ते म्हणाले. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. पावलांवरून ओळखलं असावं.

"आले, बाबा."

"मग निघू या."

"आत्ता कुठं निघता?" मागून भाऊ म्हणाला. "बाबा, कमाल करता. तिथं कुलूप असेल अजून." मग तिच्याकडे वळून, "दर वेळी असंच करतात. तू यायची म्हटलं की सहापासून बूट घालून बसायचं. मागच्या वेळी तर नंबर गेला तरी काढेनात."

"बूट काढले की पुन्हा वाकावं लागतं," बाबा म्हणाले. "तुमचं काय जातंय?"

तिने खाली त्यांच्या बुटांकडे पाहिलं. एका नाडीची गाठ सैल होती. ती खाली बसली आणि ती सोडून पुन्हा बांधू लागली. तिला जरा वेळ लागला.

उठून ती भावाला म्हणाली, "तू जा कामावर."

"रजा मंजूर झालीये."

"मग झोप."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा काठी चाचपत होते. "जा रे," ते म्हणाले. "आली ना ती."

भाऊ टेबलापाशी गेला, पिशवीतून त्याने स्वतःचा चष्म्याचा डबा काढून घेतला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

दवाखान्याला खरंच कुलूप होतं. पायरीच्या बाजूला एक लांब बाक होतं, त्यावर ती दोघं बसली. रस्ता झाडणारी बाई त्यांच्या पायांपाशी येऊन थांबली, दोघांनी पाय उचलले, ती झाडून पुढे गेली. दूधवाल्याची सायकल गेली. मग बराच वेळ काहीच गेलं नाही.

तिचा हात दोनदा पर्सकडे गेला आणि परत आला. तिच्याजवळ करण्यासारखं काही नव्हतं. काहीही उरकायचं नसलेला इतका वेळ हातात धरायची तिला सवय नव्हती. तो कुठं ठेवावा, हे तिला कळेना.

"भीती वाटते का, बाबा?"

"कापणार म्हटल्यावर वाटतेच. तू आहेस ना बाहेर?"

"आहे."

"मग झालं."

समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं वर केलं. बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. ती त्यांच्या आपल्याकडच्या डोळ्याकडे बघत होती. बुबुळावर दुधाळ साय धरली होती. मेण थंड होताना असाच रंग धरतं.

"धाकट्यानं तुम्हालाही साडेसहाच सांगितलं होतं का?" तिने विचारलं. "मला सांगितलं तसं?"

"छे. मला कशाला खोटं सांगेल? आठला निघायचं, माहीत होतं मला."

"आणि याआधी?"

"याआधीही माहीत असायचं. तुझी आई मला दोन्ही वेळा सांगायची. एक तुझी, एक आमची." ते हसले. "विसरलो की माझ्यावर चिडायची. पोरीला भलतीच वेळ सांगाल म्हणायची."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "मग माझ्या वेळेला का तयार होऊन बसता?"

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांना हा प्रश्न नवा असावा.

"अगं, एखाद्या वेळी तू वेळेवर आली असतीस," ते म्हणाले, "आणि घरात सगळे झोपलेले. कसं दिसलं असतं ते?"

आतून कुलूप निघाल्याचा आवाज आला. दाराची एक फळी उघडून नर्स बाहेर आली. तिने बाकावरच्या दोघांकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे.

"डोळ्याचे ना? पुष्कळ वेळ आहे तुम्हाला. कोपऱ्यावरचं हॉटेल उघडलंय, चहा घेऊन या हवं तर. मुलगी जाऊन येऊ दे, आजोबांना मी बसवते आत."

"नको," ती म्हणाली. बाबांच्या कोपराखाली तिने हात घातला होता, तो काढला नाही. "आम्ही बसतो इथंच."