खाल्लं नाही, प्यायली

"सकाळपासून हिने काही खाल्लंय का?" नर्सने कागदावरची नजर न उचलता विचारलं.

"एक घाससुद्धा नाही," सून म्हणाली. "हो ना, आई?"

आजीने मान डोलावली. त्यात खोटं काय होतं? तिच्या नातीने, चिमणीने, खाल्लं काहीच नव्हतं. प्यायली होती. सात वाजता सून आंघोळीला गेली आणि पोरीने गाल धरून असा सूर लावला, की आजीच्या काळजाचं पाणी झालं. बाटलीभर दूध, दोन चमचे साखर. पोर गप्प झाली.

"दुधाचेच दात, पडायचेच आहेत," हे आजीचं पालुपद. तिची चार पोरं तोंडात बाटली धरूनच झोपायची आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण साडेतीन वर्षांच्या चिमणीचे पुढचे चार दात काळे पडून हिरडीला टेकले होते, दाढेखाली पू झाला होता. आज भूल देऊन ते काढायचे होते. ही तारीख मिळायला सात आठवडे लागले होते. त्यातली एकही रात्र सून धड झोपली नव्हती.

नर्सने चिमणीला हिरवा झगा चढवला. "दात कुणी खाल्ले गं तुझे? उंदराने?"

"उंदराला दात आहेत," चिमणी म्हणाली. "मलाच नाहीत."

सून कितीतरी दिवसांनी हसली. आजीला ते हसू बघवेना.

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले. "पोट रिकामं आहे ना? आम्ही दहादा विचारतो, कंटाळू नका. झोपेत पोटातलं उलटून छातीत गेलं, तर मूल जिवानिशी जातं."

"रिकामं आहे," सून म्हणाली.

भिंतीवर साडेआठ वाजले होते. डॉक्टरांनी चिमणीला कडेवर घेतलं. आता बोलावं तर सून जन्मभर तोंड बघायची नाही. दार उघडलं. आजी उठली आणि तिने झग्याचं टोक मुठीत धरलं.

"डॉक्टर, खाल्लं नाही हो. पण प्यायलीय."

"काय प्यायलीय?"

"दूध. सात वाजता. मी पाजलं." साखरेचं कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "साखर घालून."

डॉक्टरांनी पोरीला खाली ठेवलं. "आज नाही होणार. औषध लिहून देतो, पण तारीख आता तीन आठवड्यांनी."

नर्सने कागदावर रेघ मारली. सुनेने झग्याचे बंद एकेक करून सोडले. शेवटचा बंद सुटल्यावर हळूच म्हणाली, "बाटल्या मी टाकून द्यायला सांगितल्या होत्या. किती आहेत अजून?"

"दोन," आजी म्हणाली.

चिमणीने गाल धरून मुसमुसायला सुरुवात केली आणि आजीच्या पिशवीकडे हात केला.

"तीन," आजी म्हणाली, आणि पिशवी सुनेच्या हातात दिली.