बर्फावरची शेवटची फुली

टीव्हीवरचा हवामानवाला आमच्या काउंटीचं नाव घेतो तेव्हा मी आवाज बंद करते. त्याला आमच्याकडचं काय ठाऊक? पलीकडच्या किनाऱ्यावर ऊन असतं आणि आमच्या बेटावर गुडघाभर बर्फ. इथे ऋतू दोनच, फेरीबोटीचा आणि रस्त्याचा. सरोवर गोठलं की बोट थांबते आणि त्याच पाण्यावरून आम्ही गाड्या हाकतो.

त्या रस्त्याच्या खुणा म्हणजे नाताळची झाडं. सण आटोपला की घरोघरची झाडं धक्क्यावर जमा होतात. बर्फात भोक पाडायचं, बुंधा रोवायचा, वर बादलीभर पाणी ओतायचं. बघता बघता झाड पक्कं होतं. मग कितीही वादळ येवो, या झाडावरून पुढचं दिसलं की माणूस घरी पोचतो. माझा धाकटा भाऊ आर्विद हे काम करायचा. वसंतात बर्फ कुजल्यासारखं ठिसूळ व्हायला लागलं की रस्ता बंद करणंही त्याच्याचकडे. दोन्ही टोकांना दोन-दोन झाडं तिरकी रोवून फुली करायची आणि मधोमध दोरीने बांधायची. फुली दिसली की कोणी पाऊल टाकत नाही.

यातली गोम अशी, की आधी पलीकडचं टोक बंद करायचं आणि मग त्याच रस्त्याने घरी येऊन आपलं. म्हणजे बंद झालेल्या रस्त्यावरून शेवटी जाणारा माणूस तो बंद करणाराच. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं आणि हा शुद्ध मूर्खपणा आहे असं एकालाही वाटलं नाही.

एका वसंतात आर्विद पलीकडची फुली बांधून निघाला आणि घरी आला नाही. तिकडची गाठ सरोवराच्या बाजूने मारलेली होती. बांधणारा ज्या बाजूला उभा, गाठ त्या बाजूला. म्हणजे तो घराकडे निघाला होता हे नक्की. सापडलं काहीच नाही. ना तो, ना त्याच्या खांद्यावरचं निळ्या दोरीचं भेंडोळं. आमचं पाणी फार थंड, ते माणूस परत देत नाही.

तेव्हापासून बेटाकडची फुली कोणी बांधली नाही. त्याची बायको डेल्फीन बांधूच देईना. दर वसंतात काउंटीचा माणूस रॉस्को दोरी घेऊन यायचा आणि ती वाट अडवून उभी राहायची.

"घरचा माणूस बाहेर आहे, रॉस्को. दार कसं लावू?"

"अहो वहिनी, पण एखादा दारू पिऊन गाडी घेऊन शिरला तर?"

"मी बसते ना राखण करायला."

आणि खरंच बसायची, बर्फ फुटेपर्यंत, धक्क्यावर खुर्ची टाकून. तिचं घर धक्क्यासमोरच. व्हरांड्यातला दिवा तिने कधी मालवला नाही.

आणखी एक गोष्ट बेटावर सगळ्यांना ठाऊक होती, बोलत कोणी नव्हतं. वादळात आडवी झालेली झाडं सकाळी उभी दिसायची. बुंध्याशी नितळ, ताजं बर्फ, कोणी नुकतंच पाणी ओतल्यासारखं. पुरुषमंडळी म्हणायची, वारा. वारा काय बादली घेऊन हिंडतो? मी त्या झाडांकडे न बघता गाडी चालवायची. सख्खा भाऊ, पण भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

यंदा मात्र सरोवर गोठलंच नाही. ऐन जानेवारीत पाऊस पडला. धक्क्यावर झाडांचा ढीग तपकिरी होत गेला. फेरीबोट चालू राहिली म्हणून बेट खूश होतं, एक डेल्फीन सोडून.

"मारित, तो उभा कशावर राहील गं?" एकदा जेवताना ती मला म्हणाली.

"सूप पी आधी. गार होतंय."

"झाडं नाहीत तर त्याला वाट कशी कळणार? थोडं जरी गोठलं ना, तर एक झाड घेऊन मीच जाते. भेटेल तिथवर."

"आणि बुडालीस म्हणजे?"

"मग भेटेलच की."

दुकानातून दूध आणते म्हणावं तसं ती हे म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्याच घरी मुक्काम ठोकला आणि तिचे बूट उशाशी घेऊन झोपायला लागले.

मार्चअखेर वारा अचानक उत्तरेचा झाला. सकाळी जाग आली तर खिडकीतून पाणी पांढरं दिसत होतं. बूट माझ्या उशाशी होते, पण तिचं अंथरूण रिकामं. दाराजवळचे आर्विदचे जुने बूटही नव्हते. मी तशीच मोज्यांवर धावले.

डेल्फीन धक्क्याच्या कडेला उभी होती, एका सुकलेल्या झाडाचा बुंधा हातात धरून. तिच्यासमोर, हाताच्या अंतरावर, बर्फात फुली उभी होती.

"कधी बांधलीस गं ही?" मी विचारलं.

"मी नाही. झाड ओढत आत्ताच आले, तर हे."

मी खडा उचलून टाकला. बर्फ फोडून तो खाली गेला. त्या पापुद्र्यावर कोंबडीसुद्धा उभी राहिली नसती. बुंध्यांभोवती मात्र जाड, नितळ बर्फ होतं. आणि दोरी निळी होती.

"रस्ता बंद केलाय त्याने," मी म्हणाले. माझे दात वाजत होते. "तू येऊ नकोस म्हणून. चल घरी."

"बंद केला?" डेल्फीनचा चेहरा पार उतरला. "मला इकडे ठेवून? मारित, एवढी वर्षं मी दार उघडं ठेवलं, आणि त्याने बाहेरून लावून घेतलं?" ती लहान पोरीसारखी रडायला लागली. मग वाकून तिने फुलीच्या पलीकडे हात घातला, गाठ सोडवायला. हात नुसताच दोरीवरून फिरत राहिला.

"इकडे गाठ नाहीये," ती म्हणाली.

गाठ आमच्या बाजूला होती.

आम्ही दोघी एकदमच मागे वळलो. व्हरांड्यातला दिवा मालवलेला होता. मी निघाले तेव्हा तो जळत होता.

झाड तिथेच टाकून डेल्फीन घराकडे धावत सुटली, आर्विदचे मोठे बूट फटफट वाजवत. मी मात्र तिच्या खुर्चीवर बसून राहिले. सख्खा भाऊ, पण आधी भेट तिची.